अर्थशास्त्राच्या फडताळांत गृहिणीचें काम

शास्त्र लहान असतें तोंवर त्याचे विभाग पाडण्याची निकड कोणास भासत नाहीं. पसारा वाढला, म्हणजे मात्र स्वयंपाकघरांतील फडताळाप्रमाणें तेथेंहि नांवें घातलेले डबे ओळीनें लावावे लागतात. आणि डबा कोणत्या फळीवर ठेवला, यावरच तो नित्य हाताशीं राहणार कीं विसरला जाणार हें ठरतें. अर्थशास्त्राची वर्गवारी या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन ही संस्था १८८५ सालीं स्थापन झाली. तिच्या 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर' या नियतकालिकाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वर्गवारीच्या खुणा आज देशोदेशींचे अर्थशास्त्रज्ञ आपल्या निबंधांस लावतात. तिचें सध्यांचें स्वरूप १९९१ च्या सुमाराच्या पुनर्रचनेंतून आलें. इंग्रजी वर्णमालेंतील एकेक अक्षर म्हणजे एकेक दालन. 'बी' मध्यें अर्थविचाराचा इतिहास, 'डी' मध्यें व्यक्ति, कुटुंब व व्यवसायसंस्था यांचे निर्णय, 'ई' मध्यें राष्ट्राचें समग्र अर्थकारण, 'जे' मध्यें श्रम व लोकसंख्या, 'क्यू' मध्यें शेती व निसर्गसंपत्ति. अशीं एकंदर २० दालनें असून 'एस' पासून 'एक्स' पर्यंतचीं सहा अक्षरें रिकामीं आहेत. अक्षरापुढें दोन अंक घातले, कीं पोटविषय निश्चित होतो. एका निबंधास अनेक खुणा लावण्याची मुभा असल्यामुळें शेतकरणीच्या श्रमांवरील लेख 'क्यू', 'जे' आणि 'डी' या तिन्ही दालनांत सांपडूं शकतो.

आतां प्रश्न असा, कीं घरच्या बाईच्या कामाचा डबा कोणता? केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनीं १९२० सालच्या 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथांत एक मार्मिक विसंगति दाखविली होती. एखाद्या गृहस्थानें आपल्या पगारी स्वयंपाकिणीशीं विवाह केला, तर काम तेंच राहूनहि राष्ट्राचें उत्पन्न मात्र घटतें! पुढें १९३४ सालीं मार्गारेट रीड यांनीं घरगुती उत्पादनावर स्वतंत्र ग्रंथ लिहून साधी कसोटी सांगितली: जें काम मोल देऊन दुसऱ्याकडून करवून घेतां येईल, तें उत्पादनच होय. १९६५ सालीं गॅरी बेकर यांनीं कुटुंबांतील वेळेच्या वांटणीची उपपत्ति मांडली. आजच्या वर्गवारींत 'डी १३' ही खूण घरगुती उत्पादन व कुटुंबांतर्गत वांटणी यांसाठींच राखलेली आहे.

डबा मिळाला, परंतु फळी निराळी पडली. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब 'ई' दालनांतला. त्याच्या आंतरराष्ट्रीय संकेतांप्रमाणें स्वयंपाकिणीचें वेतन आजहि जमेस धरतात, पण गृहिणीनें घरच्यांसाठीं रांधलेलें अन्न धरीत नाहींत.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असें कोणीं समजूं नये. २०१९ सालच्या भारत सरकारच्या वेळ-वापर पाहणींत असें आढळलें, कीं बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें घालवितात, तर तें करणारे पुरुष ९७ मिनिटें. जानेवारी २०२१ मध्यें मोटार-अपघातांतील भरपाईच्या एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें मृत गृहिणीच्या कामाचें मोल ठरविण्याचा प्रश्न आला, तेव्हां निकालपत्रांत याच आंकड्यांचा आधार घेण्यांत आला, आणि गृहिणीचें कल्पित उत्पन्न धरणें न्याय्य ठरलें. ज्या कामास नांव मिळतें, त्याची मोजदाद होते. आणि मोजदाद झालेल्या कामास न्यायासनापुढें पुरावा मिळतो, तो असा.

ज्या घरीं जमाखर्चाची वही नियमानें लिहिली जाते, तेथें पुढील एक महिना रुपयांच्या रकान्याशेजारीं तासांचाहि रकाना आंखून पाहावा. कोणाच्या नांवें किती तास पडले, तें महिनाअखेर घरांतील सर्वांनीं मिळून वाचावें.