मुक्कामाची रात्र

स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला की परराज्यात निघालेल्या नेमबाजाला क्लबात पहिला प्रश्न ठरलेला असतो: परवाना ऑल इंडिया आहे ना? ‘हो’ म्हटले की विषय मिटतो आणि बोलणे तिकिटांवर, काडतुसांच्या लॉटवर जाते. प्रश्न चुकीचा नाही. परवान्यावरचे क्षेत्र महाराष्ट्रापुरते असेल, तर तलासरी मागे पडताच परवान्याच्या अटीचा भंग होतो. आणि पोलिसांनी त्याला विनापरवाना बाळगणे ठरवले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा दोन ते पाच वर्षांची आहे. पण क्षेत्राच्या त्या एका रकान्यावर आपण इतके विसंबून राहिलो आहोत की प्रवासातली खरी कच्ची जागा नजरेआड झाली आहे. आमच्या मते ती जागा मुक्कामाची आहे. गाडी थांबते, विमान चुकते, मालक जेवायला जातो, हॉटेलची खोली दुसऱ्याच्याच नावावर असते; त्या तासाला रायफल नेमकी कोणाच्या ताब्यात होती, असे कोणी विचारले तर धड उत्तर देता येत नाही. परवान्याचे क्षेत्र कितीही मोठे असले तरी ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ३ शस्त्र मिळवणे, बाळगणे आणि वाहून नेणे या तिन्हींसाठी परवाना मागते. त्याच कलमाच्या परंतुकात एक सवलत आहे आणि ती प्रत्येक प्रशिक्षकाने पाठ करावी अशी आहे. स्वतःचा परवाना नसलेल्या माणसाला दुसऱ्याचे शस्त्र नेता येते, पण परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. तिघा शिष्यांच्या रायफली गाडीत घालून प्रशिक्षकाने पुढे निघायचे आणि शिष्यांनी मागून रेल्वेने यायचे, हे आपल्या क्षेत्रात कोणाला वावगे वाटत नाही. प्रत्येक परवानाधारकाच्या सहीचे एक पत्र आणि परवान्याची प्रत सोबत असेल, तर ते कायद्यात बसवता येते. पत्र नसेल, तर महामार्गावरच्या तपासणीत हा भला माणूस तीन विनापरवाना रायफलींसह सापडलेला असतो. शिवाय पत्र असले तरी सवलत ‘नेण्या’पुरती आहे. रात्री हॉटेलच्या मॅनेजरला ‘एवढी पेटी सकाळपर्यंत ठेवा’ म्हटले, की तो कोणाच्या वापरासाठी काय नेत असतो? ढाब्यावर आपण जेवत असताना पेटीसह गाडीत बसलेला ड्रायव्हर कोणत्या अधिकारपत्रावर बसलेला असतो? १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वस्तू हातात नसली तरी तिच्यावरचे नियंत्रण सुटलेले नसेल तर ताबा कायम राहतो. मात्र त्या ताब्याला जाणिवेची जोड हवी. जाणिवेच्या याच कसोटीवर, बॅगेच्या कप्प्यात विसरून राहिलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडल्याची कितीतरी प्रकरणे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली आहेत. नेमबाजाने त्यातून फार दिलासा घेऊ नये. प्रकरण रद्द होते ते गुन्हा नोंदवला गेल्यावर, आणि तोवर स्पर्धा होऊन गेलेली असते. शूटिंग जॅकेटचे खिसे घरीच उलटे करून पाहणे त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

मुक्कामाची ही अडचण भारतीय कायद्याच्या गबाळेपणातून आली, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. अमेरिकेत शिकारी आणि नेमबाजांच्या सोयीसाठीच १९८६ साली संघीय कायद्यात ९२६-ए हे कलम आले. जिथून निघालो आणि जिथे जायचे, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्याचा कायदा कितीही कडक असो, तिथून ते नेता येते. अट अशी की शस्त्र रिकामे हवे, आणि शस्त्र व काडतुसे प्रवाशाच्या सहज हाती लागतील अशी नकोत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर ती कुलूपबंद पेटीत हवीत. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही. इतका स्पष्ट कायदा असूनही २००५ साली युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेला एक प्रवासी न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर अडकला. त्याचे पुढचे विमान चुकले, सामान हाती आले आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी पुन्हा विमानतळावर येऊन त्याने बॅगेत पिस्तूल असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले आणि त्याला अटक झाली. फौजदारी आरोप पुढे मागे घेतले गेले. पण त्याने केलेला भरपाईचा दावा २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयातही टिकला नाही. कारण साधे होते: हॉटेलातल्या त्या रात्री पिस्तूल त्याच्या हाताशी होते, आणि कायद्याचे संरक्षण तेवढ्या तासांपुरते संपले होते. अडकलेल्या प्रवाशाने सामान ताब्यात घेण्यापूर्वीच विमानतळावरच्या पोलिसांकडे किंवा कर्मचाऱ्यांकडे जाता येते, असेही न्यायालयाने सुचवले. निकाल कठोर वाटतो. पण मुक्कामाला शस्त्र ताब्यात न घेणे हाही एक कायदेशीर मार्ग आहे, ही त्यातली सूचना आपल्या कामाची आहे.

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, त्यामुळे शिकारीची रायफल राज्याची सीमा ओलांडते ती सरकारनेच बोलावले तर. २०१८ साली यवतमाळच्या पांढरकवड्याला टी-१ वाघिणीसाठी, म्हणजे अवनीसाठी, हैदराबादहून शिकारी बोलावण्यात आला. अधिकृत निमंत्रण असल्याने सीमेचा प्रश्न गौण होता. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण मारली गेली तेव्हा गोळी झाडणारा त्या शिकाऱ्याचा मुलगा होता. वडील तिथे नव्हते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने पुढे दिलेल्या अहवालात शस्त्र अधिनियमाच्या भंगाचाही ठपका ठेवला. त्या रात्रीबद्दल बाकी वाद पुष्कळ आहेत आणि दुसरी बाजूही मांडली गेली आहे. त्यांचा निवाडा इथे करायचा नाही. आपल्यापुरते एवढे पुरे की शासनाच्या कामासाठी आलेल्या पथकालाही ‘शस्त्र कोणाच्या हाती होते’ हा प्रश्न चुकला नाही. मग क्लबाच्या गाडीला तो का चुकावा?

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असतो, की मग विमानानेच जा, रात्रीच्या मुक्कामाची भानगडच नको. रायफलवाल्यांना हे जमते. विमानात काडतुसे चेक-इन सामानात, नीट पॅक केलेली आणि माणशी एकूण पाच किलोपर्यंत नेता येतात. पॉइंट टू टूच्या पाचशे काडतुसांचे वजन दोन किलोंच्या आतच राहते, आणि थ्री पोझिशनच्या एका सामन्यात मोजले जाणारे शॉट साठ. ट्रॅपवाल्यांचे गणित मात्र तिथेच फसते. चोवीस ग्रॅम छऱ्याचे बारा बोअरचे काडतूस एकंदर पस्तीस ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे पाच किलोत एकशे चाळीसच्या आसपास. पात्रता फेरीत तबकड्या एकशे पंचवीस आणि प्रत्येकीला दोन बारांची मुभा. सराव तर हिशेबातच धरलेला नाही. दोघांचा कोटा एका पेटीत एकत्र करायलाही मनाई आहे. म्हणून शॉटगनवाले मुंबईहून तुघलकाबादच्या रेंजला गाडीने निघतात, गुजरात, राजस्थान, हरियाणा पार करतात आणि वाटेत झोपतात. त्यांना विमानाचा सल्ला देणे म्हणजे त्यांचा प्रश्नच न ऐकणे. (दहा मीटरच्या एअर रायफलवाल्यांना यातले फारसे लागू नाही. वीस ज्यूलच्या आत आणि .१७७ पर्यंतच्या बोअरला परवाना लागत नाही. पण क्ष-किरण यंत्रावर ती रायफलच दिसते. उत्पादकाचा कागद पेटीत असावा.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाक्यावरच्या पोलिसाला यातले काही ठाऊक नसते, मग पत्रे आणि प्रती जमवून काय उपयोग? ठाऊक नसते, हे बरेचदा खरे. पण शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे तो आधी परवाना मागू शकतो. तो दाखवला नाही किंवा त्याला संशय आला, तर शस्त्र जप्त करू शकतो. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत त्याच्यासमोर काय ठेवले, यावर पुढचे बरेचसे ठरते. शहरागणिक बदलणारे आदेश मात्र आपल्यालाही ठाऊक नसतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश, पूर्वीच्या १४४ च्या जागी आलेले नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे जिल्हावार हुकूम. यांत खेळाडूंना सूट असेल तर ती त्या आदेशात लिहिलेली असते, आपल्या परवान्यात नाही. नुसते शहरातून जाण्यापेक्षा तिथे उतरून खोली घेतली तर हे आदेश अंगाशी येण्याचा संभव कितीतरी जास्त. मुक्कामाचे गाव निघण्यापूर्वीच ठरवावे ते यासाठी.

एवढी कडक शिस्त नवख्या, गावाकडून आलेल्या मुलांना परवडणार नाही, हा तिसरा आक्षेप आम्ही मान्य करतो. बोल्ट काढून वेगळा ठेवणे, नळीत सेफ्टी फ्लॅग, काडतुसे निराळ्या कुलपात, चावी स्वतःच्या खिशात, यांना पैसे पडत नाहीत आणि आपली मुले ते निष्ठेने करतात. मुक्कामाला सुरक्षित ताबा मिळवणे त्यांच्या हातात नाही. कायद्याने शस्त्र ठेवीसाठी घेण्याची परवानगी असलेले विक्रेते आहेत, रेंजची शस्त्रागारे आहेत. ती अनोळखी मुलासाठी उघडायला कोणी तरी शब्द टाकावा लागतो. ते काम राज्य संघटनांचे आणि यजमानांचे आहे. स्पर्धेच्या परिपत्रकात निवास, भोजन आणि प्रवेश शुल्काची माहिती असते. त्यातच शस्त्रागार कोणत्या तारखेपासून उघडे राहील, लवकर पोहोचणाऱ्याची रायफल कोण लिहून घेईल आणि पावतीवर सही कोणाची असेल, हेही छापावे. गाडी पहाटे अडीचला लागत असेल, तर त्या वेळी कुलूप उघडणाऱ्याचा फोन नंबरसुद्धा.