नक्षत्र शब्दाची व्युत्पत्ति

जें क्षरत नाहीं, झिजत नाहीं, तें नक्षत्र. ही व्युत्पत्ति मीं तीस वर्षें वर्गांत मोठ्या डौलानें सांगितली. परवां अंगणांत नातीनें विचारलें, “आजोबा, आर्द्रा म्हातारी झाली म्हणतात, तें खरें का?” आणि मला उत्तर बदलावें लागलें.

वाचकांनीं मृगाकडे पाहावें. बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं जो धुरकट ठिपका दिसतो, तें ताऱ्यांचें सूतिकागृहच होय. तेथें वायूचे मेघ स्वतःच्याच भारानें आकसून नवे तारे होत आहेत. मृगाच्या एका पायाशीं तांबूस आर्द्रा आहे. तिचें वस्तुमान सूर्याच्या दसपटीहून अधिक. पण घर मोठें तसा खर्चहि अफाट! सूर्य सुमारें ४६० कोटि वर्षांचा असून अद्याप मध्यमवयीन आहे. आर्द्रेला अवघ्या एक कोटि वर्षांतच जरा आली. २०१९ च्या अखेरीस ती मंदावली, तेव्हां आतां स्फोट होणार अशी आवई उठली होती. पण तिनेंच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. स्फोट होईल हें मात्र निश्चित. कदाचित् लाख वर्षांनीं.

बाणाच्या रोखानें खालीं व्याध. त्याचा सोबती १८६२ मध्यें प्रथम दुर्बिणींतून दिसला. इंधन संपलेला हा तारा आकारानें पृथ्वीएवढा, वस्तुमानानें सूर्याएवढा. आतां नुसता निवत आहे. सूर्याचीहि हीच गति.

“मग तुमच्या पुस्तकांतली व्युत्पत्ति खोडूं का?” नातीनें पेन्सिल उचलली.

“खोडूं नको,” मीं म्हटलें, “समासांत शंका लिही.”