गवतकापणीचा संप

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत १९४५ साली वारली मजुरांनी गवतकापणी बंद पाडली. हा लढा ‘वारल्यांचा उठाव’ म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. प्रत्यक्षात तो दर ठरवून, हंगाम साधून केलेला मजुरीचा संप होता, आणि त्याचे खरे मोल तिथेच आहे.

त्याआधी मजुरी ही गोष्टच तिकडे फारशी उरलेली नव्हती. पावसाळ्यात जमीनदाराकडून खावटीचे भात घ्यायचे, सुगीला ते दिडीदुपटीने फेडायचे. लग्नासाठी उचललेल्या शे-दोनशे रुपयांपोटी नवरा-बायको दोघेही राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. शिवाय बोलावणे आले की वेठ. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे सारे सरकारपुढे मांडले, तरी वेठ सुरूच राहिली.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे गेलेले मोजके वारली परतल्यावर सभेचे पुढारी शामराव व गोदावरी परुळेकर यांचे काम गावोगाव पसरले. २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही आणि रोख बारा आणे रोजाखेरीज शेतावर जायचे नाही, असे ठरले. लग्नगड्यांची सुटका लगोलग सुरू झाली.

खरी कसोटी गवताची होती. या पट्ट्यातले गवत वाळवून, गाठी बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. पाऊस सरल्यावर ते काही आठवड्यांत कापले नाही तर त्याचा कस जातो. जमीनदाराला थांबणे परवडणारे नव्हते. मजुराला तर त्याहून नाही, कारण त्याच दिवसांत घरातले धान्य संपत आलेले असते. मागणी मात्र कुणालाही पाठ होईल इतकी सोपी होती: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये.

१० ऑक्टोबरच्या रात्री तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या नावाने खोटी आवई उठवून लोकांना तिथे आणले आणि दंगलीची वर्दी दिली, असा किसान सभेचा जमीनदारांवर आरोप होता. सभाबंदी झाली, परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढले गेले. संप तरीही मोडला नाही. पुढारी नसताना पाड्यापाड्यांवरच्या माणसांनी तो धरून ठेवला, याचे श्रेय त्यांनाच द्यायला हवे. अखेर जमीनदारांना अडीच रुपयांचा दर द्यावा लागला.

पुढच्या वर्षी संप जंगलतोडीत शिरला. नोव्हेंबर १९४६ मध्ये लाकूड व्यापाऱ्यांनी किमान सव्वा रुपया रोज मान्य केला. तोवर मुंबईत खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. लोकांनी निवडलेल्या सरकारकडून वारल्यांना वेगळी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. पण हद्दपारी पुन्हा झाली आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या.

मजुरीचा किमान दर पुढे कायद्याचाही विषय झाला: १९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतीकामाचा समावेश आपल्या परिशिष्टात केला. दर ठरवणे आणि अंमल करणे राज्यांकडे राहिले. १९६० मध्ये संपाचा हा पट्टाच दोन राज्यांत विभागला: उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली.