करून पाहा : फोटोत पाणी कसं भराल?

बालमित्रांनो, पाण्याचा रंग कोणता? तिसरीतलं पोरसुद्धा हात वर करून सांगेल, "पाण्याला रंग नसतो, गुरुजी!" शाब्बास! मग चित्रात नदी काढायची म्हटली की सगळ्यांचे हात निळ्या खडूकडेच का बरं जातात?

कॉम्प्युटरवर फोटो सजवतानाही हेच होतं. निळा पट्टा ओढला की झाली नदी! पण ते पाणी वाटत नाही, अंगणात निळी सतरंजी अंथरल्यासारखी वाटते. आज आपण खरं वाटेल असं पाणी करायला शिकू. त्यासाठी 'गिम्प' नावाचं सॉफ्टवेअर पुरे. ते फुकट मिळतं. अमेरिकेतल्या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतलं होतं.

पण कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी एक काम. परातीत पाणी घ्या आणि उजेडात ठेवा. आधी वरून वाकून बघा. परातीचा तळ दिसतो ना? आता खाली बसा आणि डोळे पाण्याच्या पातळीजवळ आणून तिरपं बघा. तळ गायब! त्याजागी भिंत, खिडकी, आभाळ दिसू लागतं. सरळ वरून बघितलं तर पाणी शंभरातला साधारण दोनच भाग उजेड परत पाठवतं, बाकीचा आत जातो. जसजसं तिरपं बघाल, तसतसा पाण्याचा आरसा होतो. म्हणून नदीकाठी उभं राहिलं की पायाजवळ गाळ दिसतो आणि दूरवर आभाळ दिसतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता फोटो निवडा. समजा, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या किल्ल्याची तटबंदी आहे. त्या किल्ल्याभोवती खंदक आहेच, तेव्हा पाणी शोभून दिसेल.

१) जिथून पाणी सुरू व्हायला हवं, त्या रेषेखालचा भाग कापून टाका.

२) 'डुप्लिकेट लेयर' करून फोटोची नक्कल घ्या. 'कॅनव्हास साइज'मध्ये उंची दुप्पट करा. नक्कल 'फ्लिप व्हर्टिकली'नं उलटी करून खाली सरकवा. काठाला काठ जुळला पाहिजे.

३) उलट्या चित्राचा उजेड थोडा कमी करा. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा बहुधा मंदच असतं.

४) 'डिस्टॉर्ट'मधलं 'रिपल' वापरा. लाटा आडव्या दिसेपर्यंत 'अँगल' फिरवून बघा. दूरच्या लाटा बारीक आणि दाट, जवळच्या मोठ्या आणि विरळ. म्हणून खालचा अर्धा भाग वेगळा निवडून त्याला जरा मोठी लाट द्या. निवडीची कड 'फेदर'नं मऊ करा, नाहीतर मध्येच शिवण दिसेल.

५) आता परात आठवा! उलट्या लेयरला 'अल्फा चॅनेल' जोडा, त्याच्याखाली एक मातकट रंगाचा लेयर ठेवा आणि मऊ खोडरबरानं प्रतिबिंबाचा अगदी खालचा भाग हलकेच पुसा. पायाजवळचं पाणी गढूळ, दूरचं आरशासारखं. पावसाळ्यातली गोदावरी बघितली असेल, तर मातकट रंग कोणता घ्यायचा ते मी सांगायला नको.

झालं पाणी! आता एक कोडं. असं तयार केलेलं पाणी पकडायचं कसं? नदीवरच्या पुलाचा फोटो असेल तर प्रतिबिंब नीट बघा. खऱ्या प्रतिबिंबात पुलाचं पोट दिसतं, कारण पाणी पुलाकडे खालून बघत असतं! नुसता फोटो उलटा केला तर वरच्या चित्रात जे दिसतं तेवढंच खाली दिसणार. तसंच काठापासून दूर असलेल्या झाडाचं बूड खऱ्या पाण्यात दिसत नाही, मधला काठ आड येतो. फोटोत ते दिसलं, तर पाण्यात काहीतरी काळंबेरं आहे म्हणून समजा.

ही पारख आपल्या भागात फार गरजेची आहे. लातूरला २०१६ साली पाणी इतकं आटलं, की मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. दहा डबे, प्रत्येकात साधारण पन्नास हजार लिटर. गाडीचं नाव 'जलदूत'. पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. तुमच्यातले बरेचजण तेव्हा जन्मलेही नसतील. घरी विचारा, घागरींच्या रांगा कुणी विसरलेलं नाही.

आता विचार करा. कोरड्या मांजरा धरणाच्या फोटोत कुणी पाच मिनिटांत पाणी भरलं आणि मोबाइलवर पाठवलं, तर दूरच्या गावची माणसं म्हणतील, "अरे, धरण तर भरलंय! मग टँकर कशाला मागता?" उलटही होतं. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की नांदेडच्या नदीकाठची माणसं काळजीत असतात. तेव्हा रस्त्यावर खोटं पाणी दाखवलं, तर एखादी म्हातारी रात्रीच बोचकं बांधून निघायची.

म्हणून आपला नियम ठरला. तयार केलेल्या चित्राच्या कोपऱ्यात ठळक लिहायचं, 'हे पाणी मी काढलं आहे.' खाली स्वतःचं नाव. चित्रकार सही करतोच की!

या आठवड्याचा गृहपाठ : पुलावर किंवा तळ्याकाठी मोठ्या माणसाबरोबर जा. दहा मिनिटं नुसतं पाणी बघा आणि प्रतिबिंबात दिसलेल्या पण वर न दिसलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा. कॉम्प्युटर नसला तरी हा गृहपाठ सगळ्यांना जमेल.