फोटो देखणा नको, खरा पाहिजे



रोज सकाळी आमच्या ऊस-सोयाबीनच्या ग्रुपवर वीस-पंचवीस फोटो येऊन पडतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "हे काय आहे, औषध सांगा." त्यातल्या निम्म्या फोटोंवरून प्रत्यक्ष देव आला तरी त्याला रोग सांगता यायचा नाही. पान तोडलेलं, दुपारी बाराचं ऊन, तळहातावर धरून हलत्या हातानं काढलेला फोटो. पान शेंड्याचं आहे की बुडाचं, एकाच बेटात आहे की सगळ्या वावरात, पानाच्या पाठीमागं काय आहे, काही म्हणजे काही कळत नाही. तरी दोन मिनिटांत खाली चार औषधांची नावं येतात, आणि संध्याकाळी पंप पाठीवर चढतो.

माझं म्हणणं असं, की फवारणीची मात्रा शिकलो तसा फोटो काढायलाही आपण रीतसर शिकलं पाहिजे. म्हणून या वर्षी मी ऑनलाइन वर्ग लावला. दर रविवारी रात्री, जेवणं झाली की. शिकवणारा पोरगा माझ्या थोरल्यापेक्षा लहान, मला "काका" म्हणतो. वर्गात बाकी सगळी कॉलेजची पोरं. दहावीच्या पुढं मी गेलो नाही, त्यामुळं पहिले दोन रविवार अपर्चर, शटर, आयएसओ हे शब्द डोक्यावरून गेले. मग वहीत माझ्या भाषेत लिहून काढलं. उसाला दारं धरतो तसंच आहे सगळं. पाटाचं दार किती रुंद उघडलं, ते अपर्चर. पाणी किती वेळ चालू ठेवलं, तो शटर. सरी भरायची तर दोन्हीचा मेळ पाहिजे. इथं पाण्याऐवजी उजेड एवढाच फरक. आयएसओ म्हणजे गणपतीतल्या कर्ण्याचा आवाज. वाढवला की बोलणं मोठं ऐकू येतं, पण खरखरही वाढते. उजेड कमी असताना फोटोत दाणे दिसतात ते त्यामुळंच. बहुतेक मोबाइलमध्ये अपर्चर बदलता येत नाही, म्हणजे दार कायमचं तेवढंच. मग आपल्या हातात उरतं काय? चांगला उजेड शोधणं आणि हात स्थिर ठेवणं.

वर्ग चांगला आहे, पैसे वसूल. पण तिथं शिकवतात तो फोटो आणि आपल्याला पाहिजे तो फोटो यात मोठं अंतर आहे. तिथं मागचं सगळं धूसर करायला शिकवतात. आपल्याला मागचा प्लॉटही दिसायला पाहिजे. तिथं मावळतीचा तांबूस उजेड भारी. आपल्याला तो नको, कारण त्यात हिरवं पानसुद्धा पिवळट दिसतं. आणि मोबाइलवाल्यांनी तर हद्द केली आहे. कॅमेरा पान ओळखतो आणि आपल्या मनानंच त्याला आणखी हिरवं करतो. लग्नातल्या तोंडांना ते चालतं हो, पण केवडा पडलेल्या उसाला नाही.

आमच्या भावकीत हेच झालं. खोडव्याची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता, सरळ केवडा. पण फोटो गेला तो फिल्टर लावलेला, एका तुटक्या पानाचा. समोरच्या सल्लागारानं बुरशीनाशक लिहून दिलं. दोन फवारण्या झाल्या, मजुरी गेली, ऊस होता तसाच. नंतर एक जाणता माणूस बांधावर आला, उभ्या उभ्या बघून फेरस सल्फेट फवारायला सांगितलं आणि नवीन पोंगा हिरवा निघाला. आता त्या सल्लागाराला किती दोष द्यायचा? थोडा द्यायचाच, कारण त्यानं उलटा प्रश्न एकही विचारला नाही. पण त्याच्यासमोर आलेलं पानही खोटंच होतं की.

नत्र कमी पडलं तर आधी बुडाची जुनी पानं पिवळी पडतात, लोह कमी पडलं तर आधी शेंड्याची नवी. एवढा फरक कळायला अख्खं ताट दिसलं पाहिजे. म्हणून मी आता एका तक्रारीला एक फोटो कधीच पाठवत नाही. आधी बांधावरून सगळा प्लॉट, म्हणजे रोग पट्ट्यात आहे की ठिपक्या-ठिपक्यांनी ते कळतं. मग अख्खं बेट, बुडापासून शेंड्यापर्यंत. मग पान जवळून, न तोडता, वरची बाजू आणि पाठीमागची बाजू. पाठीमागची तर विसरूच नका. सोयाबीनचा तांबेरा खालच्या बाजूला बघितल्याशिवाय नीट ओळखत नाही, आणि उसाचा लोकरी मावा तर बसतोच पानाखाली. हुमणीचा संशय असेल तर बुडखा उपटून मुळ्यांचा फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं. नाण्यामुळं अळी केवढी आहे ते समोरच्याला कळतं.

वेळ सकाळची, दव उडाल्यावर. नाहीतर ढगाळ दिवस, त्याच्यासारखा उजेड नाही. ऊन कडक असेल तर बायकोला छत्री धरायला सांगा, काळी, रंगीत नको. रंगीत छत्रीचा रंग पानावर उतरतो. पानाशेजारी वहीचा पांढरा कागद धरा. कागद फोटोत पिवळा दिसला तर समजायचं, रंग फसवतोय. वारं असेल तर एका हातानं पान धरा. जवळून धूसर येत असेल तर आणखी जवळ जाऊ नका, उलट वीतभर मागं सरा आणि स्क्रीनवर पानाला बोट लावा, कॅमेरा तिथंच नजर बसवतो. आणि सगळ्यात आधी खिशातल्या तंबाखूनं माखलेली काच पुसा! (हे वर्गात नाही शिकवलं, आमच्याकडंच लागू आहे.) व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की तो बारीक होऊन जातो, बारके ठिपके पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

फोटोचं महत्त्व नुसतं रोगापुरतं राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि जे काम तलाठी करायचे ते आपल्या हातात आलं. सातबाऱ्यावर पीक लागायचं तर शेतात उभं राहून फोटो आपणच काढायचा. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं काय केलं ते शिरोळ-करवीरच्या माणसाला सांगायला नको. बुडालेला ऊस पाणी उतरल्या दिवशी लांबून हिरवाच दिसतो. पोंग्यात गाळ जाऊन शेंडा कुजलेला, पांगशा फुटलेल्या, हे नंतर दिसतं. त्या दिवशी एकच फोटो काढून गप्प बसलेला माणूस नंतर कुणाला काय दाखवणार? बांधाचा एक कोपरा ठरवून दर महिन्याला तिथूनच एक फोटो काढायचा, ओळखीचं झाड किंवा विहीर चौकटीत ठेवून. मी जूनपासून सुरू केलंय. खर्च शून्य.

कोल्हापूरच्या माणसानं कॅमेऱ्याला घाबरावं हे तर मला पटतच नाही. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथंच, या गावात, स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' काढला. पुढं १९२५ ला 'सावकारी पाश'. सावकारापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्यांना कॅमेरा शिकवायला कुठला वर्ग होता?

आता एक मागणी. कणेरी आणि तळसंदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रांनी माती नमुना कसा घ्यायचा हे आपल्याला शिकवलं. चार कोपरे, व्ही आकाराचा खड्डा, सगळं पाठ झालंय. तसाच अर्धा दिवस फोटोचा नमुना कसा घ्यायचा यावर ठेवावा, आणि तोही वावरात, हॉलमध्ये पडद्यावर नको. ग्रुपवरच्या कृषी पदवीधर पोरांनाही सांगणं आहे: अर्धवट फोटो आला तर औषध सांगू नका. "पाठीमागची बाजू पाठवा, अख्खं ताट पाठवा, जमीन कसली, पाणी कधी दिलं," एवढं विचारा. शेतकरी रागवेल, दुसऱ्याला विचारेल. रागवू द्या.

ज्यांच्या उसात सध्या पोंग्याची पानं पिळवटून आखडल्यासारखी दिसताहेत त्यांनी उद्या सकाळी वर सांगितलेले चारही फोटो काढून इथं खाली टाका. पोक्का बोईंग आहे की दुसरं काही, मिळून बघू.