सत्तर पानांचा पुडा

“भाऊ, पोरगी गणितात कच्चीच हाये. आमच्या घरी कोणाले हिशेब येते?” मे महिन्यात साकोली तालुक्यातील एका वस्तीत बैठकीसाठी गेलो असता एका माउलीने आमच्याजवळ हे गाऱ्हाणे मांडले. पुढ्यात तेंदूपानांचा ढीग होता आणि बोलता बोलता ती पुडे बांधत होती. एका पुड्यात ७० पाने. ती पाच-पाच पाने उचलायची, चौदा वेळा. तोंडाने बोलणे चालू, हाताने मोजणे चालू, आणि पान एकही कमी-जास्त नाही!

पोरगी पाचवीत. “पाच गुणिले चौदा किती?” असे विचारले तर खाली मान घालून बसली. मग म्हटले, “मायचे हात बघ आणि मोज.” तिने मोजले. “सत्तर!” पुढचे तिचे तीच करू लागली. त्या दिवशीचे पुडे २४० भरले. भाव शेकड्याचा. “दोन शेकडे पूर्ण, अन् वरचे चाळीस,” असे म्हणत तिने पैसे काढले.

संध्याकाळी फळीवर मुन्शीने कार्डावर २२० लिहिले. पोरीने वही पुढे केली. पुन्हा मोजणी झाली, २४० निघाले. मुन्शी चुकला की आणखी काही, ते आम्ही म्हणत नाही. पण २० पुडे म्हणजे १४०० पाने, आणि ती पहाटे उठून जंगलातून तोडून आणलेली.

आमचे स्वतःचेही सांगितले पाहिजे. आम्ही बी.कॉम., कचेरीत दिवसभर आकडेच लिहितो. तरी घरी मुलाला पाढ्यांसाठी मारले. त्याने वही लपवायला सुरुवात केली. शेवटी त्याला धान घेऊन राईस मिलवर नेले. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ धरतात. “मग ३३ किलो गेले कुठे?” असे त्यानेच विचारले. तूस आणि कोंडा आम्ही हातात घेऊन दाखवले. शेकडेवारी तो तिथे शिकला. आपल्या धानाचा उतारा किती पडला, तेही त्यानेच काढले.

रेशन दुकानातही मुलांना न्यावे. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, तर घरच्या सहा जणांचे किती? काट्यावरचा आकडा मुलानेच वाचावा. मुलीनेही! दुकानात पैसे देऊन पाठवायचे मुलाला आणि पाणी भरायला मुलीला, ही आपल्या घरची जुनी खोड आहे. उत्तर चुकले तर ओरडू नये, “कसे काढलेस?” एवढेच विचारावे. बहुधा सांगता सांगता मूल स्वतःच थांबते.

तेंदूचा हंगाम संपण्यापूर्वी पुन्हा त्या वस्तीत गेलो. शेजारच्या दोन बायाही आपापले पुडे त्या पोरीच्या वहीत लिहून घेत होत्या.