सेवेच्या देवघेवीचा ताळेबंद

वैनगंगेपलीकडील आरमोरी, कुरखेडा भागांतला रुग्ण ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोचतो, तेव्हा औषध देणारा कोणत्या पंथाचा आहे याची चौकशी करण्याच्या स्थितीत तो नसतो. समाजाने मात्र ती चौकशी अवश्य करावी. द्वेषाने नव्हे, हिशेबी वृत्तीने. दूरदेशीच्या ख्रिस्ती धर्मसंस्था आपली माणसे परमुलखात सेवेसाठी का धाडतात? आणि जेथे स्थानिक ख्रिस्ती समाज स्वतःच्या पायांवर उभा राहिला आहे, तेथेही ती का धाडावीत?

प्रारंभीचा हेतू उघड होता. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले ते धर्मप्रसारासाठी. शाळा हे त्याचे साधन होते. पुढे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने चांद्यात काम आरंभिले. राज्यकर्ते आणि मिशनरी एकाच मुलखाचे असल्यामुळे या सेवेवर संशयाची छाया पडली व ती स्वातंत्र्यानंतरही हटली नाही. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ साली, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस केली. चांदा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता.

आक्षेप केवळ बाहेरून आला असे नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची चाकरी सोडली आणि भारतीय वळणाच्या ख्रिस्तभक्तीसाठी 'देवाचा दरबार' उभारला. केनियाचे जॉन गाटू यांनी १९७१ साली तर पाश्चात्त्य मिशनरी व पैसा यांचा ओघ काही काळ थांबवावा, असेच सुचविले. त्यामागील अर्थशास्त्र अवघड नाही. ज्याची थैली त्याचा हुकूम. वेतन परदेशातून येत असेल, तर सेवक गावाला नव्हे, थैलीवाल्याला जबाबदार राहतो; आणि फुकट मिळणाऱ्या मदतीपुढे स्थानिक वर्गणी व स्थानिक उमेद दोन्ही आटतात.

मग माणसे धाडणे बंदच करावे काय? तसे नाही. पैसा टपालाने धाडता येतो, कौशल्य धाडता येत नाही. ते शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस १८९४ साली रुग्णालय उभारले आणि १८९७ पासून तेथेच भारतीय तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. इमारतीपेक्षा हे दुसरे कार्य अधिक मोलाचे ठरले. वानलेस १९२८ साली परतले. शिकलेले हात येथेच राहिले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांच्या संयोगातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. येथला ख्रिस्ती समाज आपला कारभार आपण पाहू लागला, की धाडणारा आणि स्वीकारणारा यांचे नाते, निदान तत्त्वतः, भागीदारीचे होते. कोणता माणूस हवा व किती काळ, हे बोलावणाऱ्याने ठरवावयाचे असते. सेवक समुद्रापलीकडूनच येतो असेही नाही. १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चने चांद्याचे क्षेत्र पत्करले. केरळातून आलेल्या सेवकाला येथली भाषा परकीच होती. आज भारतीय धर्मगुरू युरोपात सेवा करतात. देणारा कोण आणि घेणारा कोण, ही जुनी वाटणी आता टिकणारी नाही.

तेव्हा कसोट्या तीनच. सेवा श्रद्धेच्या अटीवर मिळते की विनाअट? निर्णय कोण घेतो? आणि पाहुणा गेल्यावर काम चालते की बंद पडते? तिसरी कसोटी सर्वांत कठीण. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यांच्या १९९९ च्या अभ्यासात दिसले. ही संस्था कोणत्याही चर्चची नाही; पण तिने घालून दिलेले माप चर्चलाही लागू आहे, शासनालाही. सेवकांची संख्या किंवा निधीचे आकडे यांवरून सेवेचे मोल ठरत नाही. जंगलातल्या गावात किती घरचे हात तयार झाले, हीच ताळेबंदातील खरी जमेची बाजू होय.